वेध पाळणे आणि वेध घेणे

(मंडळाच्या २०२५ सालच्या श्रावणातल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बाप्पा २७ ऑगस्टला येत आहेत आणि ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, निरोप घेणार आहेत. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी ७ सप्टेंबरच्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण आहे. ही गोष्ट दिनदर्शिकेत आल्यापासून आम्हाला एकच प्रश्न सारखा विचारला जातो आहे : "वेध कधी लागतात हो?" विसर्जनाची भांडीकुंडी आवरायची, महाप्रसादाचं उरलेलं बघायचं, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं. तेव्हा जेवणं किती वाजता उरकायची ही काळजी खरीच आहे. पंचांगाच्या रीतीने चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. ग्रहणाचा स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आहे, म्हणजे वेध दुपारी एकच्या सुमारास. ज्यांना पाळायचे आहेत त्यांनी हे लिहून घ्यावं. त्यांच्याशी आमचं भांडण नाही.

पण 'वेध' या शब्दाला आपल्या भाषेत आणखी एक अर्थ आहे. वेध घेणे म्हणजे आकाशातल्या ज्योतीवर नजर रोखून तिची जागा आणि वेळ नेमकी टिपणे. ज्या जागी हे काम चालतं तिला आपण वेधशाळा म्हणतो. ज्या पंचांगात बघून आपण वेध पाळतो, ते पंचांग कुणीतरी वेध घेतले म्हणूनच तयार झालं आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे, की पाळायचे वेध आपल्याकडे टिकून राहिले, घ्यायचे वेध मात्र घराघरातून गेले. त्यांना परत कसं आणता येईल, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

सुरुवात तिथीपासून करू. "आज तिथी कोणती?" असं विचारलं की आपण भिंतीकडे बघतो. पण तिथी मुळात भिंतीवर नसते, आकाशात असते. अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला असतात. मग चंद्र रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकत सूर्यापासून लांब जातो. हे अंतर १२ अंश झालं की एक तिथी पुरी होते. २४ झालं की दुसरी. चतुर्थी म्हणजे हे अंतर ३६ पासून ४८ अंशांपर्यंत असण्याचा काळ. पौर्णिमा पुरी होते तेव्हा ते १८० असतं, म्हणजे सूर्य एका टोकाला आणि चंद्र बरोब्बर समोरच्या टोकाला.

हे मोजायला यंत्र लागत नाही. हात पूर्ण ताणून डोळ्यांसमोर मूठ धरली, की मुठीची रुंदी आकाशातले साधारण १० अंश व्यापते. मूल असो की मोठा माणूस, फार फरक पडत नाही, कारण हात लहान तर मूठही लहान. बालमित्रांनो, पोळ्याची अमावस्या झाली की दोन-तीन दिवसांनी सूर्य मावळताना जिथे बुडतो ती जागा धरा आणि तिथून चंद्रापर्यंत तिरप्या रेषेत मुठी मोजत जा. चतुर्थीला चारच्या आसपास मुठी भरतील, पंचमीला पाचहून थोड्या जास्त, अष्टमीला नऊ. पोळ्यापासून ग्रहणापर्यंत यंदा अख्खा शुक्ल पक्ष आपल्या हाताशी आहे. पावसाने उघडीप दिली तर रोज पाच मिनिटांचं काम.

आता कुणी म्हणेल, चवथीचा चंद्र बघायचा नसतो. बरोबर आहे, चोरीचा आळ येतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण यंदाची गंमत ऐका. यंदा चतुर्थी तिथी २६ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास लागते आणि २७ तारखेच्या दुपारी पावणेचारच्या सुमारास संपते. गणपती बसवायला मध्यान्हीची चतुर्थी धरतात, म्हणून स्थापना २७ ला. पण २७ च्या संध्याकाळी जो चंद्र दिसेल तो पंचमीचा असेल. खरा चवथीचा चंद्र २६ च्या संध्याकाळी, बाप्पा घरी येण्याच्या आदल्या दिवशीच दिसून जाईल. ज्याला टाळायचा त्याने कोणता टाळायचा आणि ज्याला मोजायचा त्याने कोणता मोजायचा, हे तिथी म्हणजे काय ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

आणखी एक बघा. ही चतुर्थी जवळजवळ २६ तास चालते. सगळ्या तिथी सारख्या लांबीच्या नसतात, कधी जेमतेम २० तासांत संपते, कधी २६ तासांच्याही वर जाते. कारण चंद्राची कक्षा अगदी गोल नाही. तो पृथ्वीपासून दूर असला की सावकाश चालतो आणि १२ अंश तोडायला त्याला जास्त वेळ लागतो. यंदा २९ ऑगस्टला तो दूरच्या टोकाला असेल, म्हणून ही चतुर्थी लांबली. पंचांगात तिथीची वृद्धी आणि क्षय लिहिलेले असतात, त्यामागे चंद्राची ही चाल आहे.

मग महालक्ष्म्या. त्यांचं गणित तिथीवर नाही, नक्षत्रावर आहे. अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर बोळवण. ज्येष्ठा गौरी हे नावच त्यावरून पडलं. ज्येष्ठा हा वृश्चिकातला ठळक तांबडा तारा आहे. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी, महालक्ष्म्या आणण्याच्या दिवशी, अर्धा चंद्र याच तांबड्या ताऱ्याजवळ दिसेल. दुसऱ्या दिवशी तो मुठीहून थोडा अधिक पुढे, पूर्वेकडे सरकलेला असेल. आपल्या घरच्या माउल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या नक्षत्रांची नावं घेऊन हा सण करतात, ती त्या संध्याकाळी अंगणातून दिसतात. पुरणाच्या घाईतून दोन मिनिटं काढून बाहेर यावं, ही विनंती.

आपण सीमेवरची माणसं. घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेत बहुतेकांची हिंदीच. त्यामुळे आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. आपण म्हणतो श्रावण चालू आहे, शेजारचे म्हणतात भादों लागला. जन्माष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी, त्यांना भाद्रपद कृष्ण अष्टमी. मुलं विचारतात, खरं कोणाचं? दोघांचंही. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचं नाव दोघांकडे सारखं असतं, कृष्ण पक्षाचं तेवढं बदलतं. म्हणूनच गणेश चतुर्थी दोघांनाही भाद्रपदातच सापडते. चंद्र एकच, मोजायला सुरुवात कुठून करायची एवढाच फरक. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो. दोन वर्षांपूर्वी जिल्हाही बदलून पांढुर्णा झाला. आकाशाची वाटणी मात्र कुणाला करता आली नाही.

आता या पंचांगामागच्या माणसांकडे वळू.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० साली, 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ लिहिला. ग्रहांचं गणित सोपं करून देणारा हा ग्रंथ महाराष्ट्रात आणि बाहेरही शेकडो वर्षं चालला. खेड्यातला जोशीसुद्धा त्यावरून पंचांग करू शके. पण घड्याळ कितीही चांगलं असलं तरी वर्षानुवर्षं न लावता ठेवलं तर मागेपुढे होतंच. तीन-साडेतीनशे वर्षांत थोडी थोडी चूक साचत गेली. पंचांगात ग्रहणाची वेळ एक आणि आकाशात ग्रहण लागायचं दुसऱ्याच वेळी, असं होऊ लागलं. गणेश दैवज्ञांचा यात दोष नव्हता. त्यांनी स्वतः जुने ग्रंथ आकाशाशी ताडून पाहिले होते आणि जिथे जुळत नव्हते तिथे दुरुस्त केले होते. नंतरच्यांनी त्यांचा ग्रंथ घेतला, त्यांची ताडून बघण्याची सवय घेतली नाही.

ही सवय एकोणिसाव्या शतकात परत आणली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. लोक त्यांना केरूनाना म्हणत. जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला होते, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक मराठीत छापलं आणि काही वर्षांत त्यावर आधारलेलं नवं पंचांग सुरू झालं, ते पटवर्धनी पंचांग. त्यामागचं तत्त्व एका शब्दात सांगता येतं : दृक्प्रत्यय. गणिताने काढलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर डोळ्यांना बोल लावायचा नाही, गणित पुन्हा मांडायचं.

यावर मोठे वाद झाले. राशिचक्र नेमकं कोणत्या ताऱ्यापासून मोजायचं यावर तर अजूनही एकमत नाही. केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा धरला, पुढे टिळक पंचांगाने तोच मार्ग पत्करला. आपल्या घरातली बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या हिशेबाने चालतात. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना वेगवेगळा येतो आणि कोकणातल्या काही घरी गणपती महिनाभर आधीच बसून जातात. हा वाद आरंभाच्या खुणेचा आहे. चंद्र कुठे आहे याबद्दल दोघांत वाद नाही.

केरूनानांचे एक विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर टिळक. आपण ज्यांच्यामुळे आज मांडव घालतो, तेच. सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ ज्या काळात उभी राहिली त्याच काळात, १८९३ साली, त्यांचं 'ओरायन' हे पुस्तक निघालं. वसंत संपात मृग नक्षत्रात होता त्या काळाच्या खुणा वेदांत सापडतात, म्हणून वेद तितके जुने, असं त्यांनी त्यात मांडलं. त्यांचा निष्कर्ष आजचे बहुतेक अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण आकाशाचं घड्याळ करून इतिहास मोजता येतो, ही दृष्टी त्यांना गुरूकडून मिळाली होती.

दुसरे एक शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरुडचे, जन्म १८५३. व्यवसायाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली छापून निघाला. वेदांपासून केरूनानांपर्यंत या देशात आकाशाचा अभ्यास कुणी, कधी, कसा केला, हे सगळं त्यात आहे आणि ते सगळं मराठीत आहे. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर लिहिलेलं त्यांचं 'द इंडियन कॅलेंडर' लंडनला निघालं. शिलालेखावरच्या तिथीची आजची तारीख काढायला जगभरचे अभ्यासक ते वापरत आले आहेत. सामान्य वाचकांसाठीही त्यांनी 'ज्योतिर्विलास' नावाचं गोड पुस्तक लिहिलं, त्याचंच दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, दीक्षित गेले. एवढं काम करून ठेवणाऱ्या या माणसाकडे मोठी वेधशाळा नव्हती, शाळेची नोकरी होती.

तिसरे व्यंकटेश बापूजी केतकर, तेही शिक्षकच. विजापूर-बागलकोटच्या बाजूला त्यांचं आयुष्य गेलं. १९११ साली त्यांनी फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लेख लिहून सांगितलं, की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. पहिल्याचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट काढलं आणि त्याच्या एका फेरीला सुमारे २४२ वर्षं लागतील असं सांगितलं. १९३० साली अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी सुमारे २४८ वर्षांची! त्याच वर्षी केतकर वारले. आता ही गोष्ट सांगताना आपण दृक्प्रत्यय विसरायचा नाही. प्लूटो फार लहान निघाला, २००६ साली त्याला ग्रहांच्या यादीतूनही काढलं, आणि त्या अंतरावरचा दुसरा ग्रह कुणाला मिळाला नाही. तेव्हा आकडे जुळणं हा बराचसा योगायोग मानावा लागतो. केतकरांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. बागलकोटकडच्या एका शिक्षकाने सूर्यमालेच्या टोकाचा विचार केला, आकडे मांडले आणि जगाने तपासावे म्हणून छापून मोकळा झाला.

ताडून पाहण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जवळची एक गोष्ट सांगतो. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली विजयदुर्गावर किनाऱ्याला लागली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडातल्या तळणीकडे आली, पुढे पुलगाव, नागपूरच्या बाजूने शहडोल आणि बक्सरकडे निघून गेली. म्हणजे आपल्या गावाच्या अगदी जवळून. नकाशा घेऊन पुलगाव आणि शहडोल जोडून बघा, रेघ आपल्या दक्षिणेला थोड्याच अंतरावरून जाते. जेऊरला पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन उतरले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच होते. तळणीला इंग्लंडहून हौशी निरीक्षकांचा चमू आला होता. साता समुद्रापलीकडची माणसं आपल्या कापसाच्या रानांत तंबू ठोकून दोन मिनिटांच्या अंधाराची वाट बघत होती. आपले पणजोबा-खापरपणजोबा त्या वेळी घरात होते की बाहेर, याची नोंद कुणी ठेवली नाही.

विजयदुर्गाला त्या ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर आले होते. किल्ल्यावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि हेलियम वायूचा शोध इथेच लागला असं अभिमानाने सांगतात. अभिमान चांगला, पण तारखा तपासल्या पाहिजेत. हेलियमची पिवळी रेषा नजरेत आली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात. तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते आणि दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच त्यांनी तिथून ती रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली. विजयदुर्गाला लॉकियर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. विजयदुर्गाचं महत्त्व १८९८ च्या निरीक्षणांसाठी आहे आणि ते पुरेसं आहे. जे घडलं नाही ते चिकटवून त्याला मोठं करावं लागत नाही.

मंडळी, यंदाच्या २० मे रोजी डॉ. जयंत नारळीकर आपल्याला सोडून गेले. कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा बनारसला वाढला, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. म्हणजे घरात मराठी आणि भोवती हिंदी, अगदी आपल्या मुलांसारखं. केंब्रिजला जाऊन त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. परत येऊन मुंबईत काम केलं, १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभी केली, आणि 'यक्षांची देणगी'सारख्या विज्ञानकथा मराठीत लिहिल्या. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. अशी उत्तरं त्यांनी खरोखर लिहिली.

त्यांनी केलेला एक प्रयोग आपल्या विषयाला धरून आहे. २००८ च्या सुमारास त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन विचारलं, यातलं हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी पन्नासच्या आसपास आली असती. यात कुणाची थट्टा नव्हती. म्हणणं मांडा, आपण मिळून तपासू, एवढंच होतं. केरूनानांनी ग्रहणाच्या वेळेला लावलेली कसोटी नारळीकरांनी कुंडलीला लावली. एका कसोटीवर पंचांगाचं गणित टिकलं, दुसऱ्या कसोटीवर कुंडलीचं भाकीत टिकलं नाही. पंचांगाचा आदर करणाऱ्या माणसाने या दोन गोष्टींत फरक करायला शिकलं पाहिजे.

वेध घेण्याचं हे काम मराठी मुलखात आज थांबलेलं नाही. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या दिवसरात्र टिपतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो प्रयोगशाळा होणार आहे, तिला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टच्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. इस्रोलाही एका अर्थी तिथी बघावीच लागली, कारण उतरायच्या जागी नुकती सकाळ झालेली हवी होती. तिथला दिवस आपल्या १४ दिवसांचा. सौर पट्ट्यांवर चालणारी यंत्रं तेवढ्यात काम उरकणार. हा मुहूर्त उन्हाचा होता आणि तो गणिताने काढला होता.

आता कुणी विचारेल, शास्त्रज्ञ हे सगळं करतातच, मग लोधीखेड्यात आपण मान वर करून काय मिळवायचं?

त्याचं उत्तर २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी मिळालं. गुढीपाडव्याचा दिवस. पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. तुमच्यापैकीही काहींनी पाहिले असतील. अर्ध्या तासात मोबाईलवर काय काय फिरलं ते आठवा : उल्का, विमान कोसळलं, शत्रूचं क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी कडी येऊन पडली, आसपास गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा २०२१ सालच्या उड्डाणातून उरलेला टप्पा तो असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष निघाला.

नेहमी आकाश बघणाऱ्या माणसाला त्याच क्षणी एक गोष्ट कळली असती. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरच्या वेगाने येते, बहुधा त्याहून कितीतरी जास्त. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती संपते. पृथ्वीभोवती फिरणारं रॉकेटचं भंगार सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने, जवळजवळ आडवं येतं, तुकडे तुकडे होत बराच वेळ दिसत राहतं. इतका साधा फरक ठाऊक असता तर त्या रात्री कितीतरी घरांतली भीती कमी झाली असती. येत्या काळात आकाशात माणसाने सोडलेल्या वस्तू वाढतच जाणार आहेत. आपल्या मुलांना वर बघून ओळखता आलं नाही, तर त्यांना मोबाईल जे सांगेल तेच खरं मानावं लागेल. जोशीबुवांनी सांगितलेलं न तपासता मानणं आणि मोबाईलने सांगितलेलं न तपासता मानणं, यांत आम्हाला फरक दिसत नाही.

म्हणून आमची विनंती ७ सप्टेंबरच्या रात्रीसाठी आहे.

ग्रहण रात्री ९.५७ ला सुरू होईल. ११ वाजता चंद्र पूर्ण झाकला जाईल, ११.४१ ला मध्य, १२.२२ च्या सुमारास उजेडाची कड परत दिसू लागेल आणि १.२६ ला मोक्ष. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहायला कसलाही धोका नाही. हा नियम फक्त चंद्रग्रहणाचा, सूर्यग्रहण असं कधीही पाहू नये. चंद्र ग्रहणमध्याला आकाशात बराच उंच, दक्षिणेकडे असेल. सावनेर-नागपूरकडचा उजेड दक्षिणेला खाली राहतो, त्याचा त्रास होणार नाही. भाद्रपदातले ढग आले तर मात्र इलाज नाही.

बघायचं काय ते सांगतो. पहिलं, सुरुवातीला चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड पाहा, ती वाकडी, गोल दिसेल. ती पृथ्वीची सावली आहे. पृथ्वी गोल आहे, याचा हा पुरावा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने दिला होता. तो आपल्याला गच्चीवरून दिसेल. दुसरं, पूर्ण झाकल्यावर चंद्र नाहीसा होत नाही, तांबूस होतो. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वाकून आलेला प्रकाश त्याच्यावर पडतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आहे आणि मावळतो आहे, तिथला तांबडा उजेड चंद्रावर एकत्र झालेला असतो. तिसरं, पौर्णिमेच्या उजेडात बुडालेले तारे ग्रहण लागल्यावर परत दिसू लागतील. चंद्राच्या पूर्वेला दीड मुठीवर पिवळसर, न लुकलुकणारा शनी असेल.

आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येक घरातल्या एका मुलाने वही-पेन घेऊन बसावं. मोबाईलमधलं घड्याळ बरोबर असतं, ते समोर ठेवावं. सावलीची पहिली कड कधी दिसली, चंद्र पूर्ण कधी झाकला, उजेड परत कधी आला, या तीन वेळा लिहाव्यात. मग आत जाऊन पंचांगातल्या वेळा बघाव्यात. एक-दोन मिनिटांचा फरक येईल, कारण सावलीची कड धूसर असते. त्याहून जास्त आला तर का आला याचा विचार करावा. सूर्यग्रहण गावोगावी वेगळ्या वेळी दिसतं, पण चंद्रग्रहणाच्या वेळा सगळीकडे एकच. नागपूरच्या मामाने, पुण्याच्या आत्याने लिहिलेल्या वेळाही फोनवर विचारून पडताळून बघता येतील.

ज्यांच्या घरी वेध पाळतात त्यांनी जरूर पाळावेत. उपास करून बाहेर बसायला कुणाची मनाई नाही. पोटाला वेध आणि डोळ्यांना ग्रहण, दोन्ही एकाच रात्री होऊ शकतं. फक्त दारं-खिडक्या लावून मुलांना आत कोंडू नये. अशी रात्र वर्षातून रोज येत नाही.

आम्ही त्या रात्री साडेनऊपासून शाळेच्या पटांगणावर असू. साधी दुर्बीण आहे, ती सगळ्यांसाठी खुली आहे. सतरंज्या मंडळाच्या आहेतच, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या धुवायला टाकण्याआधी एक रात्र आम्हाला द्याव्यात, अशी कार्यकर्त्यांना विनंती. मुलांच्या वह्यांतल्या नोंदी गोळा करून त्यांचा तक्ता आम्ही करू आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापू. १८९८ च्या ग्रहणाची आपल्या गावातली नोंद राहिली नाही. २०२५ ची राहावी.

एवढं बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!